सुपारी कोणाची, एजंट कोणाचा?

नागपुरातल्या एखाद्या कॉलेजच्या गॅदरिंगचं कोटेशन हातात घेऊन बघा. लेटरहेड इव्हेंट कंपनीचं असतं आणि मजकूर एका ओळीचा : ‘रॉक बँड, साउंड, लाइट, स्टेज, जनरेटरसह, एकूण २,२५,००० रुपये’. या सव्वादोन लाखांत बँडचे किती, हे विद्यार्थी प्रतिनिधीला माहीत नसतं, प्राचार्यांना माहीत नसतं आणि बँडलाही माहीत नसतं. बँडला फोनवर एवढंच सांगितलेलं असतं, ‘चाळीस देतो, तारीख मोकळी ठेव.’ कार्यक्रम झाला की त्या चाळीसमधले पंचवीस रोख मिळतात. उरलेले पंधरा ‘कॉलेजचा चेक निघाला की’.

हा मधला माणूस स्वतःला बँडचा एजंट म्हणवतो. एजंट म्हणजे जो कलाकाराच्या वतीने सौदा करतो, सौद्याची पूर्ण रक्कम कलाकाराला दाखवतो आणि त्यातली ठरलेली टक्केवारी घेतो. चाळीसला घेऊन नव्वदला विकतो तो व्यापारी. व्यापार करायला कोणाची हरकत नाही. पण व्यापाऱ्याने एजंटची पाटी लावली की बँडला वाटतं आपल्या बाजूने कोणीतरी बोलतंय, आणि प्रत्यक्षात बोलणाऱ्याचा फायदा बँडला कमी मिळण्यात असतो. नागपूरच्या बँडना खरी बुकिंग एजन्सी मिळायची असेल तर सुरुवात या कोटेशनच्या ओळीपासून करावी लागेल. निदान सरकारी, महापालिकेच्या आणि शिक्षणसंस्थांच्या पैशाने होणाऱ्या कार्यक्रमांत कलाकाराचं मानधन वेगळ्या ओळीत लिहिणं सक्तीचं केलं पाहिजे.

ही मागणी हवेतली नाही. रॉक संगीताचा बुकिंगचा धंदा जिथे वाढला तिथे नेमका हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे.

अमेरिकेत विल्यम मॉरिसची एजन्सी १८९८ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली तेव्हा रॉक कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तो काळ व्हॉडव्हिलचा, म्हणजे गाणी, नाच, विनोद अशा मिश्र करमणुकीचा. बँडचं बुकिंग हा स्वतंत्र आणि मोठा धंदा केला तो ज्यूल्स स्टाइन या शिकागोच्या डोळ्यांच्या डॉक्टरने. १९२४ मध्ये त्याने म्युझिक कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजे एमसीए काढली. तोवर नृत्याचे बँड एकाच हॉटेलात किंवा हॉलमध्ये अख्खा हंगाम वाजवत. स्टाइनने त्यांना एका रात्रीसाठी एका गावात, दुसऱ्या रात्री पुढच्या गावात असं फिरवलं. हॉलवाल्याला दर आठवड्याला नवा बँड मिळू लागला, बँडला दर आठवड्याला नवे श्रोते. या पद्धतीला दोनच हत्यारं लागतात : नकाशा आणि तारखांची वही. आजही बुकिंग एजंटचं निम्मं काम तेवढंच आहे.

मग एमसीए इतकी वाढली की ती कलाकार विकायचीही आणि विकतही घ्यायची. १९५२ मध्ये नटांच्या संघटनेने तिला खास सवलत दिली : एजन्सी चालवत असतानाच टीव्हीचे कार्यक्रमही बनवायची. म्हणजे नटाला जास्तीत जास्त पैसे मिळवून देणारा आणि नटाला कमीत कमी पैसे देऊ पाहणारा, दोघे एकाच छताखाली. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, अमेरिकेच्या न्याय खात्याने मक्तेदारीचा खटला भरला आणि एमसीएला आपली एजन्सी बंद करावी लागली. नागपूरच्या इव्हेंट कंपनीची तुलना एवढ्या मोठ्या कंपनीशी कशाला, असं वाटेल. पण आकार सोडला तर रचना तीच आहे. साउंड त्याचा, स्टेज त्याचा, आयोजकाशी करार त्याचा आणि ‘बँडचा एजंट’ही तोच.

रॉकपुरती बोलायची तर खरी कलाटणी १९६४ ची. फ्रँक बार्सलोना या एजंटने न्यूयॉर्कमध्ये प्रीमियर टॅलेंट काढली. फक्त रॉकच्या बँडसाठी निघालेली ही पहिली मोठी एजन्सी. तोवर मोठ्या एजन्सींना रॉक अँड रोल म्हणजे दोन-चार वर्षांचं वारं वाटत होतं. त्यामुळे आठ-दहा गायकांना एका बसमध्ये कोंबायचं, प्रत्येकाने दोन-तीन गाणी म्हणायची, हवा आहे तोवर पैसे काढून घ्यायचे, अशी रीत होती. बार्सलोनाचं गणित वेगळं होतं. बँड दहा वर्षं टिकला तर दहाव्या वर्षाचे दहा टक्के हे पहिल्या वर्षाच्या दहा टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून नव्या बँडला त्याने लहान हॉलमध्ये, परवडेल त्या दरात, प्रत्येक शहरातल्या एका तरुण आयोजकाकडे पाठवलं. सॅन फ्रान्सिस्कोत बिल ग्रॅहम, बॉस्टनमध्ये डॉन लॉ, फिलाडेल्फियात लॅरी मॅजिड. बँड लहान असताना ज्याने तोटा सोसला, बँड मोठा झाल्यावर तारीख त्यालाच, हा त्यातला अलिखित करार होता. द हू, लेड झेपेलिन, ब्रूस स्प्रिंगस्टीन, यूटू ही नावं प्रीमियरच्या वहीत होती. या पद्धतीची वाईट बाजूही होती. एका शहरात एकच आयोजक धरला की बाकीच्यांना जागा उरत नाही, आणि ही शहरवार संस्थानं पुढे एकगठ्ठा विकायला सोयीची झाली. १९९६ नंतर एसएफएक्स या कंपनीने ती एकामागून एक विकत घेतली, २००० मध्ये ती स्वतः क्लिअर चॅनल या रेडिओ कंपनीला विकली गेली, तिथून २००५ मध्ये कार्यक्रम भरवणारी लाइव्ह नेशन वेगळी निघाली आणि २०१० मध्ये ती तिकीट विकणाऱ्या तिकीटमास्टरमध्ये मिसळली. मे २०२४ मध्ये अमेरिकन सरकार पुन्हा कोर्टात गेलं. तक्रार जुनीच, एकाच हातात फार धागे गेल्याची.

या साऱ्यातून तिथल्या कायद्याने एक गोष्ट पक्की धरली : कलाकाराचा पैसा एजंटच्या पैशात मिसळू द्यायचा नाही. कॅलिफोर्नियात एजंटला परवाना लागतो, ५०,००० डॉलरची हमी ठेवावी लागते, कलाकारासाठी आलेली रक्कम वेगळ्या विश्वस्त खात्यात भरावी लागते आणि कमिशन कापून ती ३० दिवसांत कलाकाराला द्यावी लागते. ब्रिटनमध्ये २००३ च्या नियमांनी करमणूक क्षेत्रातल्या एजन्सीला असंच स्वतंत्र खातं बंधनकारक केलं.

आपल्याकडे कायदा नाही असं म्हणून हात वर करण्याची सवय आहे. पण भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात एजन्सीवर अख्खं प्रकरण आहे. कलम २१३ सांगतं की एजंटने मालकाला, म्हणजे इथे बँडला, मागितल्यावर चोख हिशेब दिला पाहिजे. कलम २१८ नुसार मालकाच्या वतीने आलेली सगळी रक्कम, कायदेशीर वजावट करून, त्याला दिली पाहिजे. आणि कलम २१६ तर आपल्याच कोटेशनसाठी लिहिल्यासारखं आहे : एजंटने मालकाच्या नकळत तोच व्यवहार स्वतःच्या नावे केला, तर त्यातला फायदा मालक मागू शकतो. अडचण इतकीच की हे मागताना ‘हा आमचा एजंट’ हे सिद्ध करावं लागतं, आणि हातात कागद नसेल तर ते अवघड जातं. नागपुरात तो कागद होत नाही. सगळं व्हॉट्सअॅपवर, आणि तेही ‘भाऊ, बघून घेऊ’ या भाषेत.

कागद नको, शब्द पुरे, ही आपली जुनी परंपरा आहे असंही ऐकू येतं. तसं मुळीच नाही. नारायणगावला पुणे-नाशिक रस्त्यालगत गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, राहुटी-राहुटीत फिरून भाव काढतात, तारीख आणि रक्कम ठरवतात, आगाऊ रक्कम देतात आणि लिहून घेतात. विदर्भातच वडसा-देसाईगंजला झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रांच्या दिवसांत कुठल्या गावात कोणतं नाटक, हे तिथल्या वह्यांत लिहिलेलं असतं. लग्नाची बँड पार्टी किंवा मिरवणुकीत वाजवणारा धुमालवाला घ्या. बयाणा घेतल्याशिवाय तो तारीख लिहीत नाही, आणि लिहिलेली तारीख दुसऱ्याला देत नाही. या सगळ्या ठिकाणी विकत घेणारा थेट फडाच्या किंवा कंपनीच्या माणसासमोर बसतो. किंमत दोघांनाही दिसते. तमाशात उचलीपायी, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशापायी, कलाकार मालकाशी बांधला जातो, तो अन्याय मोठा आहे आणि त्यावर वेगळं लिहायला हवं. पण सुपारीची, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमाची, रक्कम लपवण्याची रीत तिथे नाही. ती आपण नव्या जमान्यात, एसी ऑफिसात बसून आणली.

आता नागपूरपुरतं बोलू. खरी एजन्सी इथे काय वेगळं करेल?

पहिलं काम नकाशाचं. पोलीस हा इंग्रज बँड १९७८ मध्ये पहिल्यांदा अमेरिकेत गेला तेव्हा तीन वादक, एक छोटी गाडी आणि वाटेवरचे लहान क्लब, एवढाच पसारा होता. ते तारखांचं गणित जुळवणाऱ्या इयन कोपलंडने पुढच्याच वर्षी स्वतःची एजन्सी काढली. ती पद्धत आपल्याला तंतोतंत लागू पडते, कारण नागपूर वाटेवरच आहे. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या एनएच सेव्हन वीकेंडर या महोत्सवाच्या नावात जो महामार्ग आहे, तो याच शहरातून जातो. आता त्याचा क्रमांक ४४ झाला आहे. मुंबई-हावडा रेल्वेमार्गही इथूनच. मुंबईचा पाच जणांचा बँड, साउंड इंजिनिअर आणि एक मदतनीस असे सात जण धरा. जाण्या-येण्याचं भाडं माणशी ३,५०० म्हणजे २४,५०० रुपये. चार खोल्या ८,०००, स्थानिक गाडी ५,०००, ड्रम आणि अँप्लिफायरचं भाडं १२,०००. फक्त नागपूरचा एक कार्यक्रम केला तर मानधनाशिवाय ४९,५०० रुपये. आता तोच बँड सकाळी अमरावतीजवळ बडनेऱ्याला उतरवा. शुक्रवारी अमरावती, शनिवारी दीडशे किलोमीटरवर नागपूर, रविवारी सुमारे तीनशे किलोमीटरवर रायपूर, आणि तिथून परतीची गाडी. उलट फेरा कुठेच नाही. तीन दिवसांच्या खोल्या २४,०००, टेम्पो ट्रॅव्हलर ३०,०००, एकच ड्रमकिट तिन्ही दिवस सोबत ठेवल्याने भाडं २४,०००. रेल्वे धरून एकूण १,०२,५००, म्हणजे प्रत्येक आयोजकाच्या वाट्याला सुमारे ३४,०००. नागपूरचा बँड बाहेर पाठवायचा तरी हिशेब हाच, फक्त दिशा उलटी.

यात बिघडतं कुठे? रायपूरवाला आठ दिवस आधी नाही म्हणाला, तर तिसऱ्या दिवसाचा खर्च वाचला तरी रेल्वेभाड्यातला त्याचा वाटा उरलेल्या दोघांवर पडतो आणि ३४ चे ३८ हजार होतात. म्हणून रद्द करण्याची शिडी लिहून ठेवावी लागते : तीस दिवसांपूर्वी रद्द केल्यास बयाण्यातला निम्मा परत, पंधरा दिवसांपूर्वी काहीच परत नाही, त्यानंतर पूर्ण मानधन देय. निम्मी रक्कम बयाणा म्हणून आल्याशिवाय तारीख ‘पक्की’ म्हणायची नाही. तोवर ती फक्त ‘धरलेली’, आणि दुसऱ्याने तीच तारीख मागितली तर पहिल्याला २४ तासांत हो किंवा नाही सांगावं लागेल. उरलेली रक्कम साउंड चेकच्या आधी. कार्यक्रम झाल्यावर पैसे मागणाऱ्या बँडच्या हातात काहीच उरलेलं नसतं. वाजवून झालेलं असतं.

दुसरं काम सौद्याच्या प्रकाराचं. आपल्याकडे ‘ठोक’ सोडून दुसरा सौदा कोणाला सुचत नाही. तिकीट लावलेल्या कार्यक्रमासाठी ‘हमी किंवा टक्केवारी, जे जास्त असेल ते’ हा जगभर चालणारा प्रकार आहे. ४०० रुपयांची ४०० तिकिटं गेली तर १,६०,००० आले. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. हॉल, साउंड, परवाने, जाहिरात मिळून खर्च ९०,०००. उरले ७०,०००. बँडशी ४०,००० ची हमी किंवा ८० टक्के असं ठरलं असेल तर बँडला ५६,००० मिळतील, आयोजकाला १४,०००. तिकिटं २५० च गेली तर उरतात १०,०००. बँडला हमीचे ४०,००० मिळतात आणि आयोजकाचे खिशातले ३०,००० जातात. लेड झेपेलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट नव्वद टक्क्यांवर अडून बसायचा. नागपुरात आज कोणी तसं मागू नये. पण हा हिशेब खर्चाच्या पावत्या दाखवल्याशिवाय होत नाही, आणि म्हणूनच तो इथे कोणाला नको असतो.

तिसरं काम घड्याळाचं, आणि इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सण-उत्सवांत जातात. गॅदरिंगच्या पत्रिकेवर सहाची वेळ असते. पाहुणे सव्वासातला येतात. दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ, तीन भाषणं. साडेआठला बक्षीस वितरण. बँड मंचावर चढतो नऊ वाजून पाच मिनिटांनी, केबल जोडेपर्यंत सव्वानऊ, आणि पावणेदहाला पोलीस मंचामागे उभे असतात. दीड तासाचा बँड आणून अर्धा तास ऐकायचा, आणि वरून ‘बँडमध्ये काही दम नव्हता’ म्हणायचं! एजंटने करारात लिहायची ओळ साधी आहे : मंच रात्री आठला मोकळा मिळेल, आयोजकामुळे उशीर झाल्यास वेळ कापली जाईल, मानधन नाही.

तांत्रिक पत्रकाचं, म्हणजे बँडला मंचावर काय काय लागतं त्या यादीचंही असंच आहे. पाच जणांच्या बँडला साउंडच्या मिक्सरवर साधारण सोळा चॅनल, म्हणजे आवाजाच्या स्वतंत्र जोडण्या लागतात : ड्रमला आठ, बेसला एक, दोन गिटारना दोन, कीबोर्डला दोन, गळ्यांना तीन. ऑर्केस्ट्राच्या सवयीचा साउंडवाला ऑक्टापॅड, म्हणजे ड्रमऐवजीचं इलेक्ट्रॉनिक पॅड, गृहीत धरून येतो, त्याच्याकडे ड्रमचे माइकच नसतात. साउंड चेक दुपारी तीनला होतो आणि पाचला मुलींचं समूहनृत्य बसवायला ड्रम उचलून बाजूला ठेवतात. माइक हलले की केलेलं सगळं वाया. त्यासाठी मंच सोळाऐवजी चोवीस फूट खोल सांगावा लागतो, म्हणजे मागे आठ बाय आठचा ड्रमचा चौथरा हलवावा लागत नाही. बिछायत केंद्रवाल्याचे दिवे आणि साउंड एकाच फेजवर असले, अर्थिंग धड नसलं, की गिटारमध्ये गुंऽ असा आवाज रात्रभर राहतो. आयोजकाला वाटतं बँडची गिटार खराब. हे सगळं आठ दिवस आधी फोनवर विचारणारा माणूस म्हणजे एजंट. ज्याचा स्वतःचाच साउंड आहे तो स्वतःला कधी विचारणार नाही की माइक आठ आहेत की तीन.

कराची बाजूही इथेच लिहितो. लोकसंगीत किंवा शास्त्रीय संगीताच्या कलाकाराला एका कार्यक्रमाच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जीएसटीची सूट आहे; रॉक बँड त्यात बसत नाही. मात्र सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही, आणि आपले बहुतेक बँड त्याच्या खूप खाली आहेत. तरीही ‘जीएसटी कापला’ म्हणून त्यांच्या हातात कमी पैसे ठेवले जातात. रोखीत पंचवीस हजार घेतलेल्या मुलाच्या नावावर उत्पन्नाची नोंदही होत नाही. तीन वर्षं वाजवूनही बँकेत दाखवायला त्याच्याकडे कागद नसतो, आणि घरचे म्हणतात, हा काही धंदा आहे का? ते बरोबरच म्हणतात, कागदावर तो धंदा नाहीच.

आता आक्षेप. एक असा की नागपुरात एजन्सी परवडणार नाही. दहा बँड, प्रत्येकाचे वर्षाला वीस कार्यक्रम, सरासरी मानधन चाळीस हजार धरलं तर दहा टक्क्यांनी आठ लाख होतात. त्यात फोन, प्रवास आणि एक मदतनीस. तंगच आहे, मान्य. पहिली दोन वर्षं पंधरा टक्के घ्या, कोणी नाही म्हणणार नाही, फक्त आकडा लिहिलेला असावा. आठ लाख दरवर्षी वाढायचे असतील तर बँडचं मानधन वाढवावं लागेल, आणि एजंटचं हित बँडच्या हिताला बांधलं जातं ते याच ठिकाणी.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : इव्हेंटवाला जोखीम घेतो, कॉलेजचा चेक सहा महिने अडकतो, पाऊस आला तर मंडपाचा खर्च त्याचा, मग नफा का घेऊ नये? जरूर घ्यावा. जोखीम घेणाऱ्याला प्रमोटर म्हणतात, आणि बार्सलोनाची अख्खी पद्धत चांगल्या प्रमोटरच्या जिवावर उभी होती. त्याने बँडला चाळीस द्यावेत, स्वतःचे तीस साउंडच्या, स्टेजच्या, व्यवस्थापनाच्या ओळीत उघड लावावेत. कॉलेजला ते महाग वाटलं तर घासाघीस त्या ओळीवर होईल. आज ती बँडच्या चाळीसवर होते.

म्हणून मागणी नेमकी आहे. रेशीमबागच्या सुरेश भट सभागृहात किंवा सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात सार्वजनिक पैशाने कार्यक्रम होतो, अनुदानित कॉलेजात गॅदरिंग होतं, महापालिका महोत्सव भरवते, तेव्हा निविदेत चार ओळी वेगळ्या असाव्यात : कलाकाराचं मानधन, एजंटचं कमिशन, तांत्रिक खर्च, व्यवस्थापन शुल्क. पहिल्या ओळीखाली बँडच्या एका सदस्याची सही, आणि ती रक्कम थेट बँडच्या खात्यात. निम्मी कार्यादेशासोबत, निम्मी कार्यक्रमाच्या दिवशी. नवा कायदा यासाठी लागत नाही, निविदेचा नमुना बदलावा लागतो. गणपती आले की नवरात्र, कोजागिरी, मग डिसेंबर ते फेब्रुवारी गॅदरिंग, एवढाच आपल्या बँडचा हंगाम. मार्चनंतर नागपूरच्या उन्हात उघड्या मैदानावर कोणी वाजवत नाही. नमुना बदलायचा तर तो जुलैच्या आत बदलायला हवा, कारण ऑगस्टमध्ये कोटेशनं निघायला लागतात.